छपराचे पैसे

मंडळीत माणसाचा निकाल फार लवकर लागतो. नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत घराघरांची तीन-चार पिढ्यांची ओळख. कोणाचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, कोणाचं लग्न का मोडलं, सगळ्यांना सगळं ठाऊक. उपासना संपून चहा हातात येईपर्यंत निकाल जाहीर झालेला असतो. कुसळ-मुसळाचा दाखला पाठ असूनही हे चालतं, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

1998 साली पावसाळ्याच्या तोंडावर चर्चच्या छपराला नवे पत्रे घालायचे होते. पैसे काढायला गेल्यावर कळलं, खात्यात जवळपास काहीच नाही. पप्पा तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी होते. ‘सेक्रेटरीला ठाऊक नसेल होय?’ अशी कुजबुज सुरू झाली. पप्पांनी स्पष्टीकरण देत फिरणं टाळलं. काही आठवड्यांनी खजिनदारकाका स्वतः पाळकसाहेबांकडे गेले. पैसे त्यांनीच वापरले होते.

सभेत बरेच जण म्हणाले, यादीतून नावच काढा. पप्पा उठले. ‘चोरी झाली ती झाली. पण पुढच्या रविवारी हा माणूस बसणार कुठे, तेवढं सांगा.’ मग त्यांनीच ठराव मांडला : रक्कम हप्त्याहप्त्याने परत घ्यायची, यापुढे दोघांच्या सह्यांशिवाय बँकेतून पैसा काढायचा नाही, हिशेब पुन्हा काकांकडे द्यायचा नाही, आणि नाव यादीत राहील. क्षमा म्हणजे डोळेझाक नव्हे, हे मी तिथे शिकले.

खरी शिक्षा भोगत होती ती काकांची मुलगी. संडे स्कूलमध्ये ती बाकावर बसली की शेजारची मुलगी सरकून बसायची. तिने कुणाचं काय घेतलं होतं?

सभेनंतरच्या प्रभुभोजनाच्या वेळी काका अगदी मागे बसले होते. भाकर आणि द्राक्षारस पुढे आणला गेला तसे ते दाराकडे निघाले. पप्पा आमच्या बाकावरून उठून मागे गेले, त्यांचा दंड धरला आणि दोघे बरोबरच पुढे येऊन गुडघे टेकून बसले. कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी दोघांना ओळीने भाकर दिली.

आईला मात्र ते जमलं नाही. पैशांचं तिला काही नव्हतं. ‘तुमच्यावर बोट उठलं तेव्हा हा माणूस समोर बसून ऐकत होता,’ ती म्हणायची. रात्री घरच्या प्रार्थनेत प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना, आपण इतरांना क्षमा करतो असं जिथे येतं, तिथे ती गप्प व्हायची आणि पुढच्या वाक्याला पुन्हा सुरू करायची. पप्पा तिला कधीच टोकत नसत. मला तिचं ते गप्प राहणं प्रामाणिक वाटायचं, आजही वाटतं.

जानेवारी 1999 मध्ये ओरिसातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. नवरा आणि मुलगे गमावलेल्या ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि मुलीसह त्या बारीपाड्यातच राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम करत. खटला चालला, शिक्षा झाली, मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. न्यायालयाने आपलं काम केलं, बाईंनी आपलं.

ती बातमी आईने पेपरात पुन्हा पुन्हा वाचली. बोलली काहीच नाही. त्या उन्हाळ्यात काकू दवाखान्यात होत्या, तेव्हा तिने डबा भरला आणि मला नेऊन द्यायला सांगितलं. मी नवलाने पाहिलं, तर म्हणाली, ‘माझं मन अजून तयार नाही. पण ते तयार होईपर्यंत ती बाई काय उपाशी राहील?’ तिचं मन तयार व्हायला पुढे बरीच वर्षं लागली.

काकांनी रक्कम फेडली. त्यांची मुलगी आता संडे स्कूलला शिकवते. हंगामाच्या उपासनेनंतर आवारात लिलाव होतो : बाजरी, भोपळे, गावरान अंडी, कोंबड्या. घेतलेला नारळ माणसं पुन्हा दान करतात आणि त्याच नारळावर परत बोली लागते. हा लिलाव काका पुकारतात, कारण त्यांच्याइतका खणखणीत आवाज कोणाचा नाही. पैसे दुसरे दोघे मोजतात, आणि ते काकांनाही मान्य आहे. गेल्या वर्षी आईने त्यांच्याकडून चढ्या बोलीने एक भोपळा घेतला.