मातीआडचं दाखवणारा फोन

सोयाबीनचा अंकुर जमिनीतून सरळ वर येत नाही. आधी वाकलेली मान दिसते. मग ती दाण्याची दोन्ही दलं ओढून बाहेर काढते आणि त्यानंतर रोप ताठ होतं. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीच्या शिवारात पेरण्या पाहतच मी मोठा झालो. पण ही सगळी धडपड मला दिसली ती मोबाइलच्या टाइमलॅप्समध्ये.

रीत साधी आहे. काचेच्या बरणीत माती भरायची, दाणे काचेला लागून पेरायचे, फोन तिवईवर घट्ट बसवायचा. दर पाच मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाला २८८. चार दिवसांचे ११५२ फोटो सेकंदाला २४ या वेगानं चालवले की ४८ सेकंदांची फीत होते. खरं कसब उजेडाचं. खिडकीतलं ऊन सरकतं, फोन आपणहून उजेड कमीजास्त करतो आणि चित्र लुकलुकतं. म्हणून खिडकी बंद, दिवा एकच, एक्सपोजर आणि फोकस दोन्ही लॉक.

हीच युक्ती दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली केली. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाचं टप्प्याटप्प्यानं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फीत तयार केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. तेव्हा फिल्मचा एकेक तुकडा जपावा लागे.

आज नको तो फोटो पुसला की जागा मोकळी. ही मुभा मला फार मोलाची वाटते. फसण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ‘असं केलं तर?’ हे करून पाहता येतं. एका बरणीत दाणे तीन सेंटिमीटरवर, दुसरीत आठवर. दोन्ही फिती शेजारी-शेजारी. शेजारच्या आजी पाहून म्हणाल्या, “माय वं, हे तं जित्तं हाय!” एका काकांनी विचारलं, जोराच्या पावसानं वरची माती कडक झाली तर या मानेचं काय होतं? पुढची फीत त्या प्रश्नातून निघाली.

ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून किमान ७० उगवले की बियाणं पेरायचं, ही चाचणी शेतकऱ्यांच्या सवयीची. पण कोणता अंकुर जोमानं आला आणि कोणता रखडत, हे नुसत्या मोजणीत कळत नाही. फितीत कळतं.

शाळकरी मुलांच्या हातून फोन काढून घेण्याआधी त्यांना एक बरणी आणि मूठभर दाणे द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. ज्या यंत्रावर आपण दुसऱ्यांचं पाहत बसतो, त्याच यंत्रानं आपल्या मातीतलं टिपता येतं, हे एकदा कळलं की मूल स्वतःचे प्रश्न विचारू लागतं. नवं काही घडवणं तिथूनच सुरू होतं.