दिवाडी : काही न करण्याचे बेट

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या धाकटीने एक रंगीत जाहिरात आणून माझ्यासमोर ठेवली. निळेशार पाणी, माडाची झाडे, झोपाळ्यात पहुडलेली माणसे आणि खाली लिहिलेले, ‘कॅरिबियन बेटांवर निवांत आठ दिवस’. “आई, आपण कधी जायचं गं बेटावर?” आमच्या घरात कॅरिबियनची ओळख फक्त मामंजींच्या रेडिओमुळे. अँटिगा म्हणजे व्हिव्ह रिचर्ड्‌सचे गाव, बार्बाडोस म्हणजे सोबर्सचे, एवढाच आमचा भूगोल. त्या जाहिरातीवरचा खर्चाचा आकडा वाचून हे नुसते हसले आणि म्हणाले, “बेटच हवंय ना? मग नवनगरातून सकाळी निघून दुपारी पोहोचू असं एक दाखवतो.”

खरे सांगायचे तर मला धाकटीपेक्षा अव्वांची काळजी होती. मामंजी गेल्यापासून दोन वर्षे माझ्या सासूबाई फाटकाबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या. बोलणेही हो-नाहीपुरते. ‘नीवु होगी बर्री’, तुम्ही जाऊन या, हे त्यांचे ठरलेले उत्तर. या वेळी मात्र नातीने हट्टच धरला आणि अव्वा गाडीत बसल्या. सोबत कडक रोट्या, शेंगाचटणी आणि धारवाडी पेढ्यांचा डबा.

धारवाड, अळणावर, रामनगर, मग अनमोडचा घाट आणि फोंडा. जुन्या गोव्यात पोहोचलो की पर्यटकांची गर्दी मोठ्या चर्चकडे वळते. आपण मात्र व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे जायचे. समोर मांडवी आणि पलीकडे हिरवे दिवाडी बेट, नकाशावरचे दिवार. इथे पूल नाही. गाडी फेरीबोटीत चढवायची. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही, मोटारीला थोडे शुल्क असते. अव्वा आयुष्यात पहिल्यांदाच बोटीत चढत होत्या. मी हात धरायला गेले, तर त्यांनी कठडाच घट्ट धरला. पाच-सात मिनिटांचा तो प्रवास. उतरताना त्या एवढेच म्हणाल्या, “अवरु इद्दिद्रं...” ते असते तर. मी काही बोलले नाही.

बेटावर पाहण्यासारखे काय? यादी लहान आहे. फेरीच्या धक्क्यापासून गावाकडे जाणारा रस्ता सखल शेतांमधून जातो. ही खाजन जमीन. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्या बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार बसवायचे. भरतीला पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. खारेपण सोसणारे कोरगुट नावाचे भात इथे पिकते. आम्ही गेलो तेव्हा कापणी झाली होती आणि शेतांत बगळे उतरले होते. गाडी कडेला लावून आम्ही अर्धा तास नुसते उभे राहिलो.

पुढे पिएदाद गाव. जुनी पोर्तुगीज धाटणीची घरे, पुढे बसायला सोपा. टेकडीवर अठराव्या शतकातले पांढरे चर्च आहे. तिथून मांडवीचा विस्तार, पलीकडे जुन्या गोव्याचे घुमट आणि शेजारचे चोडण बेट दिसते. चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. पक्ष्यांची आवड असेल तर एक सकाळ तिथे द्यावी. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव असतो. वाड्यावाड्यांच्या हद्दीवरून होणाऱ्या जुन्या भांडणांची ती लटकी आठवण. बांबूच्या नळ्यांतून फळांचा मारा करतात. गंमत पाहायची तर तेव्हा जावे, निवांतपणा हवा तर तो दिवस टाळावा.

एका सोप्यावर एक आजीबाई बसल्या होत्या. अव्वांनी पाणी मागितले, कन्नडमध्ये. आजीबाईंनी कोकणीत काहीतरी विचारले. मी दुभाषी होणार, तोवर अव्वा पायरीवर टेकल्यासुद्धा. पेढ्याचा डबा उघडला गेला. आतून कोकम सोलांची पुडी आली. दोघींना एकमेकींचे निम्मेसुद्धा कळत नव्हते, पण तास कसा गेला समजले नाही. गोव्यात या संथपणाला ‘सुशेगाद’ म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्रिनिदादमध्ये मित्रांसोबत काही न करता बसण्याला ‘लायमिंग’ म्हणतात, असे हे सांगत होते. धाकटी म्हणाली, “म्हणजे आपला कट्टाच की!” खरेच, कट्टा मराठीतही आणि कन्नडमध्येही.

दुपारी बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. इथे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. चौदाव्या शतकात ते बहामनी काळात पाडले गेले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. लिंग भक्तांनी नदीपार नेले. तिथे डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवले. 2023 मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. आम्ही दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरलो. कौलारू छप्पर, समोर दीपस्तंभ, आत पैलू असलेले धारालिंग. गर्दी नव्हती.

हे अव्वांना सांगत होते, “गोव्याच्या एस.टी.वर ‘कदंब’ लिहिलेलं असतं ना, तेच हे राजे. आपल्या हलशीला त्यांचीच राजधानी होती. आणि कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण देऊळ त्यांच्याच कमलादेवी राणीचं.” अव्वांचे माहेर कित्तूरकडचे. त्या थबकल्या. “देगावदागिन गुडी? लहानपणी अप्पा मला तिथं बैलगाडीतून नेत होते,” म्हणाल्या. मग त्या देवळाच्या पायरीवर बसून अप्पांच्या, बैलांच्या, वाटेतल्या गुळाच्या गोष्टी सांगत राहिल्या. दोन वर्षांत त्यांना इतके बोलताना मी ऐकले नव्हते.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. बेटावर दुकाने थोडी, म्हणून पाणी आणि खाणे सोबत ठेवावे, कचरा परत आणावा. बांधांवर गाडी नेऊ नये. घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ती माणसांची घरे आहेत. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्यावी. पूल व्हावा की नको, यावर बेटावर दोन मते आहेत. रात्री आजारी माणूस घेऊन धक्क्यावर थांबावे लागले की पूल हवासा वाटणारच. आपण पाहुण्यांनी त्यात मत देऊ नये.

परतीच्या फेरीत अव्वांनी माझा हात धरला. पलीकडचा किनारा जवळ येत होता. म्हणाल्या, “नोडव्वा, पुढच्या रविवारी देगावला जाऊ या. रोट्या मी करते.”