शेवटचे दोन थेंब

उजव्या हाताला कंप सुटला त्याला आता दोन वर्षे होत आली, आणि तेव्हापासून ब्युरेटची तोटी मी विद्यार्थ्यांच्या हाती सोपवली आहे. तोवर पदवीच्या मुलांकडून संशोधन करवून घेताना माझा एक परिपाठ असे: नमुना त्यांनी आणावा, द्रावणे त्यांनी करावीत, स्टार्चचा निळा रंग फिका पडू लागेपर्यंत थायोसल्फेटही त्यांनीच सोडावे, पण शेवटचे दोन थेंब माझे. मुले भोवती श्वास रोखून उभी राहत, तेव्हा मला जे सुख लाभे, त्याला अध्यापन म्हणण्याचे धाडस आज मला होत नाही.

माझे घर रहाटणीत, पवनेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने, तीही रहाटणीचीच, नदीत विरघळलेल्या प्राणवायूचा विषय घेतला. जलपर्णीखालच्या पाण्यात आकडे दोनच्या आसपास येत, त्याचे नवल नव्हते. परंतु एका दुपारी, शेवाळाने हिरव्या झालेल्या संथ डोहातील नमुन्याने लिटरमागे अकरा मिलिग्रॅमचा पल्ला ओलांडला. त्या उष्म्यात हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात आठही मावू नयेत. मी बाटलीकडे पाहिलेसुद्धा नाही. बुचाखाली बुडबुडा राहिला असणार असे म्हणून वहीतील त्या आकड्यावर तांबडी रेघ ओढली.

“सर, बुडबुडा नव्हता. मी बाटली उलटी करून बघितली होती.”

“अगं, होतं असं,” मी म्हणालो, आणि पुढच्या नमुन्याकडे वळलो.

भर उन्हात शेवाळ प्रकाशसंश्लेषणाने पाण्यात इतका प्राणवायू सोडते की ते अतिसंपृक्त होते, आणि रात्री तेच शेवाळ श्वसनाने तो ओढून घेते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. मग बाटली समोर असताना ते का आठवले नाही? या प्रश्नाने माझी झोप उडाली. कारण शोधू जाता इतकेच हाती लागते की तो आकडा माझ्या हातून उतरला नव्हता. शेवटचे थेंब तिने सोडले होते, म्हणून माझा विश्वास बसला नाही.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लोलकाचा कोन मोजण्याच्या नित्याच्या प्रयोगात रामन यांना विवर्तनाचे विषम पट्टे दिसले. त्यावरचे टिपण प्राध्यापकांकडे महिनोन्‌महिने पडून राहिले, आणि अखेर १९०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते त्यांनी ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध केले. हा दाखला मी प्रत्येक नव्या तुकडीला आवेशाने सांगत आलो, आणि सांगताना स्वतःला नेहमी रामन यांच्याच बाजूला उभे केले.

आमच्या काही सहव्यवसायी मंडळींविषयी माझी तक्रार जुनी आहे. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संमेलनाला, जे २००६ पासून भरते, फलक मुलांचा आणि मजकूर गुरुजींचा, असा मामला मी अनेकदा पाहिला. तयार प्रकल्प विकत आणण्यापर्यंतही मजल गेली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षी संशोधन आणले, ते मला मनापासून हवे होते. पण मार्गदर्शकाच्या रकान्यात एकेका नावापुढे मुलांची रांग लागली, तर कोणाच्या बाटलीकडे कोण पाहणार? हे बोलण्याचा माझा अधिकार त्या तांबड्या रेघेने उणा झाला, तरी मत बदललेले नाही.

तिने मात्र वाद घातला नाही. वडिलांना सोबत घेऊन तिने चोवीस तास, दर तीन तासांनी, त्याच डोहाचे नमुने घेतले. पहाटेच्या फेरीला मीही गेलो. विजेरीच्या उजेडात तिने बाटलीत मँगनीज आणि आयोडाइड सोडले. दुपारी ज्या पाण्यात दाट तपकिरी साका बसला होता, त्यात या वेळी जवळजवळ पांढरा साका उतरू लागला. बाटली धरायला मी हात पुढे केला, तो थरथरत होता, तिने हलकेच ती स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, “सर, तुम्ही वेळ सांगा, मी लिहिते.”

मी घड्याळ पाहून वेळ सांगितली.

सकाळी प्रयोगशाळेत तिने सही घेण्यासाठी वही पुढे केली. मी मागची पाने उलटली. रेघ मारलेले पान तिने फाडले नव्हते. रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. प्रयोगवहीत खाडाखोड करायची नाही, हा माझाच दंडक. तेव्हा रेघ तशीच ठेवून शेजारी शेरा लिहिला, की आकडा ग्राह्य आहे, रेघ मार्गदर्शकाची. तारीख घातली. अक्षर वेडेवाकडे आले.