रिव्हर्सचा फ्यूज

माझी डिझेल पिकअप २००९ सालची. कुरुंद्याहून नांदेडकडं केळी न्यायची आणि हंगामात हळदीची पोती वसमतच्या मार्केटला टाकायची, एवढंच तिचं काम. जुलै २०२२मध्ये गावात पुराचं पाणी घुसलं तेव्हा ती अंगणातच उभी होती. इंजिन वाचलं, पण गिअरबॉक्समधलं तेल दुधासारखं पांढरं निघालं आणि क्लचप्लेट चिकटून बसली. गिअरबॉक्स उतरवून प्लेट बदलली. गाडी चालू झाली, मी सुटलो असं समजलो.

वर्षभरानं खोड सुरू झाली. सकाळी चावी फिरवली की सेल नुसता ‘कट’ करायचा. बॅटरी गेली म्हणून नवी घेतली. पंधरा दिवसांत तीही झोपली. मग अल्टरनेटर उतरवून कार्बन बदलले. दहा-बारा दिवस बरे गेले, पुन्हा तेच, पुन्हा धक्का. मधूनमधून डिझेलचा काटा खाली पडलेला दिसायचा, पण जुन्या गाडीचं मीटर बंद पडणं हा आमच्याकडं कोणी बिघाड मानत नाही. माझाही दोष तोच.

शेवटी गावातल्याच, ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्या एका पोराला बोलावलं. त्यानं बॅटरीला हातही लावला नाही. आधी फ्यूजचा डबा उघडला. दहा अँपिअरचा एक फ्यूज उडालेला. तो म्हणाला, “मामा, ह्याच्यावर तुमचं मीटर हाय. मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा पण ह्याच्यावरच. त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला पहिला करंट जातो. दिवा मेला की अल्टरनेटर नुसता फिरतो, चार्ज काही करत नाही.” म्हणजे मी रात्रभर हेडलाइट लावून नुसत्या बॅटरीवर गाडी हाकत होतो. बॅटरी बसवणाऱ्यानं आणि अल्टरनेटर उतरवणाऱ्यानं, दोघांनीही हा फ्यूज बदलला होता. तो का उडतो हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

“कुठं गेलं की उडतो?” त्यानं विचारलं. मला सांगता येईना. बायको ओट्यावरून म्हणाली, “गिरगावच्या मळ्यातून आले की दुसऱ्या दिवशी धक्का.” तिथं केळी भरून गाडी चढावर मागं घ्यावी लागते. पोरगा हसला. रिव्हर्सचा लाइटही त्याच फ्यूजवर होता.

त्यानं फ्यूजच्या जागी दोन वायरींनी हेडलाइटहून लहान, एकवीस वॅटचा बल्ब जोडला. चावी दिली, बल्ब मंद पेटला, तेवढा करंट मीटरचा. रिव्हर्स टाकला तर जरा वाढला, तोही हिशेबात. मग चाकांना दगड लावून, गाडी चालू ठेवून, मला क्लच हळूच सोडायला सांगितलं. इंजिनानं अंग वळवलं आणि बल्ब एकदम भक्क पेटला. नुसता फ्यूज असता तर तेव्हाच उडाला असता. बल्बामुळं शॉर्ट हवा तितक्या वेळा बघता आला. ही युक्ती मला फार आवडली.

खाली शिरून बघितलं तर गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्सच्या स्विचपासून मागं जाणारी वायर लोखंडी पट्टीवर घासून उघडी पडलेली, तांबं हिरवं झालेलं. तिला धरणारी क्लिपच नव्हती. क्लचप्लेटच्या वेळी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा काढली आणि परत लावायची राहिली. स्विचपुढच्या ह्या वायरीत रिव्हर्स टाकल्याशिवाय करंटच येत नाही, आणि लोड नसेल तर इंजिन इतकं वळत नाही. म्हणून रिकामी गाडी कितीही मागं घेतली तरी काही व्हायचं नाही.

टेक्सासमधल्या भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, त्याच्या जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचंही असंच. लिव्हर पार्किंगला असला की सेल मुका, न्यूट्रलला आणला की गाडी चालू. ऑटोमॅटिकला गाडी गिअरमध्ये असताना सेल लागू नये म्हणून गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, रिव्हर्सचा लाइटही बहुधा त्याच्यातूनच जातो. तो जागचा हलला होता. त्याला तर अख्खा गिअरबॉक्स बदलायचा सल्ला मिळाला होता.

माझ्या गाडीतल्या वायरीचा उघडा तुकडा कापून नवी वायर जोडली, वरून नळी चढवली, क्लिप बसवली. पोरानं दोनशे रुपये घेतले. जुनी बॅटरी चांगलीच असणार, पण ती मी नवी घेताना बदलीत देऊन बसलो होतो.