लग्न लावणाऱ्यांच्या दारात

बीड जिल्ह्यात अल्पवयीन मुलींची बाळंतपणं रोखण्याच्या कामावर मी रुजू झाले, तेव्हा माझ्या पिशवीत आरोग्याची माहितीपत्रकं होती. रक्तक्षय, बाळंतपणात येणारे झटके, कमी वजनाचं बाळ. दवाखाना, अंगणवाडी आणि शाळा एवढ्यातच आपलं काम चालेल, असं मी धरून चालले होते. वरिष्ठ ताईंनी भेटायच्या माणसांची यादी दिली. तिच्यात एकही डॉक्टर नव्हता. भटजी, कीर्तनकार महाराज, मशिदीचे इमाम, काझी, बौद्धाचार्य. अख्खं गाव ज्यांच्या पाया पडतं, त्यांच्याशी गरोदरपणाचा विषय मी कुठून काढायचा?

ताई म्हणाल्या, "इथं सोळाव्या-सतराव्या वर्षी दिवस जातात त्या बहुतेक पोरी लग्न झालेल्या असतात. मग लग्न कोण लावतं, तिथून सुरुवात कर."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या परभणीत ४८ टक्के. राज्यभरात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. हे आकडे मला पाठ होते, पण भटजीकाकांच्या ओसरीवर त्यांचा काही उपयोग झाला नाही. अल्पवयीन मुलीचं लग्न लावणाऱ्याला २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्यांना माहीत होतं. "पण बाई, आधार कार्ड पुढे करतात, त्यावर अठरा पुरी असतात. आणि मी नाही म्हणालो तर पलीकडच्या गावचे गुरुजी येतात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकट्या भटजींनी नकार देऊन लग्न थांबत नाही, ते दुसऱ्या गावात लागतं. म्हणून पंचक्रोशीतल्या सगळ्यांना ग्रामपंचायतीत एकत्र बोलवायचं ठरलं. कोणाला आधी नमस्कार करायचा, कोणाला कुठे बसवायचं, नमाजाची वेळ कधी, कोण कोणाकडचा चहा घेईल, या विचारांनी मी आदल्या रात्री झोपले नाही. बैठकीत ग्रामसेवक होते. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच. इमामसाहेब म्हणाले, "शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय मी निकाह पढवणार नाही." बौद्धाचार्यांनी मान डोलावली. भटजीकाका थोडं थांबून म्हणाले, "सगळेच मागणार असाल तर मीही मागतो." आधार कार्डावरची तारीख बदलून आणलेली असू शकते, पण पहिलीत नाव घालताना लग्नाचा विचार कोणाच्या मनात नसतो. म्हणून शाळेचा दाखलाच मागायचा, असं ठरलं.

कीर्तनकार महाराजांची भेट हरिनाम सप्ताहात झाली. मी आधीच लिहून नेलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला. "मुलीचं शिक्षण आणि वय यावर मी कीर्तनात बोलेन. संततिनियमनावर नाही बोलणार." मी अस्वस्थ झाले. आता मात्र वाटतं, त्यांचं बरोबर होतं. ते बोलणं आशाताईंनी आणि सिस्टरांनी मुलीशी एकटीला गाठून करायचं असतं. हजार माणसांपुढे ते नीट होत नाही. मग महाराजांनी मला विचारलं, "आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जाणार. लग्न थांबवलं, तर वयात आलेली पोर सहा महिने ठेवायची कुणापाशी?"

मला उत्तर देता आलं नाही. बाप पोरीला उसाच्या फडावर नेऊन पालात ठेवायला घाबरतो, घरी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडायलाही घाबरतो, आणि त्या भीतीपायी तिचं लग्न उरकतो. तिकडे मुकादम नवरा-बायकोच्या जोडीवर उचल देतो, म्हणून मुलाच्या घरालाही सुनेची घाई असते. या भीतीवर माझ्या पत्रकांत एक ओळही नव्हती.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना राज्याने २०२१ मध्ये मंजूर केली आहे. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं असा तिचा आराखडा. तालुक्याला जाऊन मी प्रवेशाची माहिती काढली, अर्ज आणले आणि महाराजांकडे दिले. पुढच्या कीर्तनात त्यांनी मुलीचं वय सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि अर्ज कुठे मिळतो तेही सांगितलं. कीर्तन संपल्यावर काही बाया माझ्याभोवती जमल्या. गरोदरपणाबद्दल एकीनेही विचारलं नाही. वसतिगृहात रात्री बाई असते का, दार आतून लागतं का, एवढंच त्यांना हवं होतं. मुलगी कुठे सुरक्षित राहील हे सांगता येत नसेल, तर धर्मगुरूंना नुसता उपदेश करायला सांगू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

तुळशीचं लग्न झालं की पत्रिका यायला लागतील. नवरी शाळेतली वाटली, तर आधी तिच्या घरी जाऊन बोला, लग्न लावणाऱ्या गुरुजींना किंवा काझींना गाठा. तेवढ्याने थांबलं नाही, तर १०९८ वर फोन करा.