विंटरसेटच्या चौकात

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ मी औशाच्या शाळेत किती वर्गांना वाचून दाखवलं, याचा हिशोब राहिलेला नाही. एका अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाचं हे चरित्र, १९८१चं. माझी प्रत दोनदा शिवून घ्यावी लागली. त्यामुळे लेकीकडे अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइनला गेले आणि ती म्हणाली, “आई, अगं तुझ्या कार्व्हरचं एक गाव इथून पाऊण तासावर आहे,” तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी तयार होते.

सप्टेंबर संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन वाळून काढणीला आलेलं, मधूनच मक्याचे उंच पट्टे. आमच्या लातूर भागात दसऱ्याच्या आगेमागे हेच दिसतं. आमच्याकडे चार एकरांची रास करायला सगळं घर रानात असतं; इथे नजर पोचेल तिथपर्यंतच्या रानात एक हार्वेस्टर आणि त्यात एक माणूस. धुळीचा वास मात्र अगदी तोच. गाडीची काच खाली करून मी तो घेत राहिले.

कौंटी म्हणजे आपला तालुका समजा आणि तिचं ठाणं म्हणजे तालुक्याचं गाव. आयोवात अशा ९९ कौंट्या आहेत. विंटरसेट हे मॅडिसन कौंटीचं ठाणं, वस्ती पाच हजारांच्या थोडी वर. १८४९च्या उन्हाळ्यात गावाला नाव द्यायला मंडळी बसली, कोणी तरी ‘समरसेट’ सुचवलं. पण त्या दिवशी भर उन्हाळ्यात थंडी पडली होती, म्हणून ‘विंटरसेट’ ठरलं, असं गावात सांगतात.

गावाच्या मधोमध चौक आणि चौकाच्या मधोमध कचेरी. स्थानिक चुनखडीच्या दगडाची, वर घुमट, चारी दिशांना सारखे बाहू पसरलेली. १८७६ साली बांधायला घेतली, दोन वर्षांनी पुरी झाली. दीडशे वर्षं होत आली, तरी शेतकरी आजही जमिनीच्या कामाला तिथेच येतो. खरेदीखतं, कर, मतदान, लग्नाचा परवाना, सगळं एका छताखाली. मी आत गेले आणि खिडकीमागच्या बाईंना लेकीमार्फत विचारलं, “तुमचा सातबारा कसा असतो?” त्यांनी हसून नकाशाचं पुस्तक उघडलं. चौकोनच चौकोन! एक मैल लांब, एक मैल रुंद, म्हणजे ६४० एकरांचा एक तुकडा. असे ३६ तुकडे मिळून एक टाउनशिप. आणि अशा १६ टाउनशिप मिळून ही कौंटी. येताना रस्ते पट्टीने आखल्यासारखे का वाटले, ते तेव्हा कळलं. आमच्या शिवाराची हद्द ओढ्याने, बांधाने, चिंचेच्या झाडाने ठरली. इथे आधी रेघा पडल्या आणि मग माणसं वसायला आली.

वसायला आलेली माणसं पहिली नव्हती, हेही लिहायला हवं. ही भूमी सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची. १८४२च्या तहाने ती त्यांच्याकडून घेतली गेली आणि तीन वर्षांत त्यांना इथून जावं लागलं. त्या चौकोनांकडे बघताना मला हे सारखं आठवत होतं.

चौकातली दुकानं अजून चालू आहेत, याचं मला फार बरं वाटलं. एका जुन्या दुकानाच्या इमारतीत वाकळांचं संग्रहालय आहे. आपल्या वाकळीसारखेच तुकडे जोडून शिवलेल्या, पण भिंतीवर चित्रासारख्या टांगलेल्या. माझ्या सासूबाईंनी शिवलेल्या वाकळी आम्ही ट्रंकेत तळाला ठेवल्या. त्या आता बाहेर काढायच्या, हे मी तिथेच ठरवलं.

या गावाला लोक येतात ते लाकडी छपराच्या पुलांसाठी. एके काळी कौंटीत असे १९ पूल होते, आता सहा उरलेत. १९९२च्या एका कादंबरीने आणि तिच्यावरच्या १९९५च्या सिनेमाने ते जगाला माहीत झाले. छप्पर का, तर पुलाची जाड तुळई आणि फळ्या महाग. पावसात त्या कुजण्यापेक्षा वर स्वस्तातल्या लाकडाचं छप्पर घातलेलं परवडतं. शेतकऱ्याचंच गणित! सिनेनट जॉन वेन इथलाच, १९०७चा जन्म. त्याचंही संग्रहालय आहे. आम्ही बाहेरूनच पुढे गेलो.

मला जास्त मोह पडला तो सफरचंदाच्या गोष्टीचा. याच कौंटीतल्या पेरू नावाच्या गावाजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत ओळीबाहेर एक रोप उगवलं. त्याने ते छाटलं. ते पुन्हा फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं, तेव्हा त्याने ते राहू दिलं. त्याचे हक्क मिसुरीतल्या एका रोपवाटिकेने १८९०च्या दशकात विकत घेतले आणि नाव दिलं ‘डिलिशस’. पुढे सॅम्युअल स्टोक्स यांनी याच जातीची रोपं शिमल्याच्या डोंगरात लावली. लातूरच्या बाजारात हातगाडीवर ‘शिमल्याचं’ म्हणून जे तांबडं, पाच टोकांचं सफरचंद मी आयुष्यभर घेतलं, त्याचं कूळ या रानातलं निघालं.

शेतीचा विचारही या गावातून बाहेर गेला. धर्मोपदेशक हेन्री वॉलेस प्रकृतीसाठी १८७७ मध्ये विंटरसेटला आले, शेती करू लागले आणि इथल्या वर्तमानपत्रात शेतकऱ्यांसाठी लिहू लागले. त्यांचा नातू हेन्री ए. वॉलेस संकरित मक्याचं बियाणं घेऊन आला आणि अमेरिकेचा कृषिमंत्री, मग उपराष्ट्राध्यक्ष झाला. हाच नातू लहानपणी एम्सच्या शेतकी कॉलेजातल्या एका तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाचं बोट धरून झाडं ओळखायला जायचा. तो शास्त्रज्ञ म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

आणि कार्व्हर एम्सला पोचला तो विंटरसेटमुळे.

चौकापासून काही पावलांवर एक छोटीशी बाग आहे, त्याच्या नावाची. तो ज्या हॉटेलात आचारी होता, ते याच जागी होतं. त्याआधी कॅन्ससमधल्या हायलंडच्या कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश दिला होता, आणि तो दारात उभा राहिल्यावर काळा रंग पाहून परत पाठवलं होतं. त्यानंतर काही वर्षं त्याने माळरानावर शेती करून पाहिली. शिकायचं त्याने जवळपास सोडूनच दिलं होतं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस तो इथे आला, स्वयंपाक केला, लोकांचे कपडे धुतले. रविवारी चर्चमध्ये मागे बसून गायचा. तो आवाज हेलन मिलहॉलंड यांच्या कानी पडला. त्यांनी चौकशी केली, त्याला घरी बोलावलं. तो गायचा, चित्रं काढायचा, झाडांबद्दल बोलायचा. डॉक्टर मिलहॉलंड आणि हेलनबाई त्याला म्हणत राहिले, की तू इंडियानोलाच्या सिम्प्सन कॉलेजात जा. एकदा दारातून परतलेल्या माणसाला दुसऱ्या दारापर्यंत न्यायला किती वेळ बोलावं लागलं असेल, हे मी शिक्षिका म्हणून जाणते. १८९० मध्ये तो सिम्प्सनला दाखल झाला. पुढच्या वर्षी एम्स, १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून त्यांच्या टस्केगीच्या शिक्षणसंस्थेत.

गाव सोडल्यावरही तो मिलहॉलंड कुटुंबाला पत्रं लिहीत राहिला.

बागेतल्या बाकावर मी बराच वेळ बसले. कचेरीच्या घुमटावर ऊन होतं. लेकीने हळूच विचारलं, “आई, निघायचं का?” मी म्हटलं, “थांब जरा.” वर्गात मी टस्केगीवर तासचे तास बोलले होते, शेतकऱ्यांना शिकवायला गावोगाव फिरणाऱ्या त्याच्या जेसप गाडीचं चित्र फळ्यावर काढलं होतं, हेलन मिलहॉलंडचं नाव मात्र एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं.

कार्व्हर शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. नकाशात टस्केगी दाखवण्याआधी आयोवातल्या विंटरसेटवर बोट ठेवा, आणि मुलांना हेलनबाईंचं नाव सांगा.