गोळ्यांचा डबा

आमच्या घरात पूर्वी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बिस्किटं कधीच नव्हती, उरलेल्या गोळ्या होत्या. कुणाच्या घशाच्या, कुणाच्या दाढेच्या, कुणाच्या जुलाबाच्या. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दिल्या की आम्ही दोन दिवस घ्यायचो, बरं वाटलं की बाकीच्या डब्यात टाकायचो. 'पैसे मोजलेत, टाकून कशाला द्यायच्या?' हा माझा हिशेब. घरात कुणी कण्हलं की मी डबा काढायची. शेजारच्या बायकाही यायच्या. मला त्याचा थोडा अभिमानच होता म्हणा ना.

गोष्ट 2006 च्या पावसाळ्यातली आहे. आम्ही तेव्हा शहापुरात राहायचो. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. सासूबाई धारवाडकडच्या. त्यांना मी 'अत्ती' म्हणायची. त्या माझ्याशी कन्नडात बोलायच्या, मी त्यांच्याशी मराठीत, आणि मुलं दोन्हीची खिचडी करायची. सीमेवरच्या घरांना हे काही नवीन नाही.

जुलैच्या सुरुवातीला धाकट्याला ताप आला. बारा वर्षांचा होता. मी डबा काढला. मोठ्याच्या घशासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दिल्या. ताप उतरला. गोळ्याही संपल्या. पोरगं शाळेत गेलं. अत्ती एवढंच म्हणाल्या, "नोडवा, डॉक्टरना दाखवलं असतं तर बरं." मी हसण्यावारी नेलं.

आठवड्याभराने ताप परत आला. या वेळी रोज थोडा जास्त चढायचा. जीभ पांढरी, पोट दुखतंय, भाकरीचा वाससुद्धा नको. त्या वर्षी आपल्या भागात चिकनगुनियाची मोठी साथ होती. गल्लीत घराघरात माणसं सांधे धरून बसली होती. आम्हाला वाटलं तेच असेल. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून? आधी काही औषध दिलंय का?"

मी म्हणाले, "परवापासून. फक्त तापाची गोळी दिली."

का खोटं बोलले? रागावतील म्हणून. 'शिकलेली बाई असून असं कसं केलंत' हे ऐकायचं नव्हतं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

डॉक्टरांनी माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला. साथीचा ताप दिसतोय, पाणी भरपूर द्या, तीन दिवसांत उतरला नाही तर परत या, असं सांगितलं. उतरला नाही. चौथ्या दिवशी मूल गुंगीत बडबडायला लागलं तेव्हा दवाखान्यात दाखल केलं. रक्त कल्चरला पाठवलं. दोन दिवस झाले तरी त्यात काही वाढलं नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मी कॉटशेजारी बसून होते आणि तोंड उघडत नव्हते. यांनाही मी सांगितलं नव्हतं. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं कठीण होत गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अत्ती आल्या. हातात कापडी पिशवी. डॉक्टर राउंडला आले तशी त्यांनी पिशवीतून तो डबा काढला आणि रिकामी स्ट्रिप त्यांच्यापुढे धरली. "डॉक्टर्रे, ई गुळगी कोट्टेव्री." या गोळ्या आम्ही दिल्यात. कोणत्या दिवशी किती, तेही त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. 'सुनेनं दिल्या' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'आम्ही दिल्या' म्हणाल्या.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "म्हणजे हा नवा ताप नाही. हा तिसरा आठवडा आहे."

मग त्यांनी समजावलं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. टायफॉइड हा जिवाणूंचा, म्हणजे बॅक्टेरियाचा रोग. दूषित पाण्यातून, अन्नातून ते पोटात जातात, आतड्यातून रक्तात शिरतात. माझ्या सहा गोळ्यांनी त्यातले कमजोर तेवढे मेले, चिवट मागे राहिले. ताप दबला, रोग गेला नाही. शिवाय अँटिबायोटिक आधी पोटात गेलं असेल तर कल्चरमध्ये जंतू वाढतीलच असं नाही. म्हणून तपासणीही फसली. आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्यातून रक्तस्राव होण्याची, आतड्याला भोक पडण्याची भीती असते. त्याच दुपारी शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. पाचव्या दिवशी ताप पूर्ण उतरला. चौदा दिवसांचा कोर्स आम्ही एकही डोस न चुकवता पूर्ण केला.

दवाखान्यातून निघताना मी विचारलं, "मग चिकनगुनियालाही हीच औषधं चालली असती का?" ते म्हणाले, "नाही बाई, तो विषाणू. व्हायरस." जिवाणू हा लहान का होईना, स्वतंत्र जीव. त्याला स्वतःची भिंत असते, स्वतःचा संसार असतो. पेनिसिलीनसारखं औषध ती भिंतच बांधू देत नाही. विषाणू त्याहून कितीतरी लहान. त्याला स्वतःचं घर नाही. तो आपल्याच पेशीत घुसतो आणि तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. ज्याला भिंतच नाही त्याची भिंत पाडणार कशी? म्हणून सर्दी, फ्लू, गोवर, डेंग्यू यांच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. काही विषाणूंवर वेगळी औषधं आहेत, पण बहुतेक वेळा विश्रांती, पाणी आणि डॉक्टरांची नजर हाच उपचार. विषाणूविरुद्ध आपलं मोठं हत्यार म्हणजे लस.

लशीचं अत्तींना सांगावं लागत नसे. त्यांच्या गालावर देवीचे वण होते. त्यांचा पाठचा भाऊ त्याच साथीत गेला होता. त्या रोगावर औषध नव्हतंच. मुलगा बरा झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोत फिरायला गेलो. आपण तिथे क्रिकेट बघायला, झाडांखाली बसायला जातो, पण तिथे एकेकाळी देवीची लस तयार होत होती, म्हणून ते नाव. अत्ती बराच वेळ त्या आवाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, तमण्णाला लस मिळाली नाही, तुझ्या पोराला औषध मिळालं, मिळालेलं वाया घालवू नको. तमण्णा म्हणजे तोच भाऊ. देवीचा भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण 1975 मध्ये सापडला, आणि 1980 मध्ये जगातून देवी गेल्याची घोषणा झाली. ते लशीने झालं.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही मला आधी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "तू सांगशील म्हणून वाट बघितली."

हे वाक्य मला कुठल्याही रागापेक्षा जास्त लागलं.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. तेच घडत आलं. टायफॉइडवर एकेकाळी हमखास चालणारी काही औषधं आज अनेक रुग्णांत चालत नाहीत. आता अशा गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. पण ती रेघ दुकानात बघून उपयोग नाही, आपल्या घरातल्या डब्यात बघायला हवी.

आमच्या घरात तेव्हापासून काही गोष्टी ठरून गेल्या. पावसाळ्यात कुदिसिद नीरु, म्हणजे खळखळून उकळलेलं पाणी. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबणाने हात. उघड्यावरची कापलेली फळं नाहीत. मुलांच्या लशी वेळेवर. आता टायफॉइडचीही लस मिळते, सहा महिन्यांवरच्या बाळाला देता येते, डॉक्टरांना जरूर विचारा. घराभोवती पाणी साठू द्यायचं नाही, कारण चिकनगुनिया आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. आणि डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगायचं. कितीही लाज वाटली तरी.

अत्ती 2016 मध्ये गेल्या. धाकटा आता पुण्यात नोकरीला आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "आई, अंगात ताप आहे. मित्राकडे गोळ्या आहेत, घेऊ का?"

मी विचारलं, "किती दिवस झाले? आणि आधी काय काय घेतलंस, खरं सांग." तो हसला. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आल्याचा फोन आला. साधा विषाणूचा ताप होता. अँटिबायोटिक दिलं नाही, विश्रांती सांगितली.

तो डबा अजून आहे. त्यात मी आता बटणं आणि दोऱ्याची रिळं ठेवते.